पेंढा

बोरिवलीला मुलाच्या घरी टीव्हीच्या वरच्या फळीवर एक कोंबडा उभा आहे. तांबडा, काळ्या शेपटीचा, एक पाय जरासा पुढं टाकलेला. येणारा-जाणारा पहिल्यांदा दचकतो, मग विचारतो, "कुठून आणला? महाग असेल ना?" सूनबाई म्हणते, "आमच्या बाबांनी केलाय." मग माणूस माझ्याकडं असा बघतो, की शेतकरी माणसाला हा कसला नाद!

नाद जुनाच आहे. पण तो कोंबड्यापासून सुरू झाला नाही. तो सुरू झाला एका रेडकापासून, बहात्तरच्या दुष्काळात.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारावर. जुन्नर म्हणलं की लोकांना धरणं आठवतात, द्राक्षं आठवतात. ते सगळं खाली. पठारावर तेव्हा प्यायच्या पाण्याची मारामार. त्या साली बाजरी उगवली ती वितीएवढी होऊन वाळली. तात्या, म्हणजे माझे वडील, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मी तेरा वर्षांचा. शाळेत सुकडी मिळायची, म्हणून शाळा चुकवत नव्हतो.

घरात रोख पैसा येण्याची वाट एकच होती, ती म्हणजे म्हैस. बेल्ह्याच्या बाजारातून आणलेली, चंद्री. कपाळावर पांढरा टिळा होता म्हणून चंद्री. ती त्या पौषात व्याली. दुष्काळातली म्हैस ती, दूध काय देणार? तरी दोन्ही वेळचं मिळून तीन-साडेतीन लिटर निघायचं. त्यातलं घरात चहापुरतं ठेवून बाकीचं आई घालायची. त्या दुधावर आमचं मीठ-मिरची, रॉकेल, धाकट्या बहिणीचं औषध चालायचं.

आणि अठराव्या दिवशी रेडकू मेलं. हगवण लागली होती. सकाळी बघितलं तर मान टाकून पडलेलं.

ज्यांनी म्हैस पाळली नाही त्यांना यातली गोम सांगतो. गाईच्या सडात थोडंफार दूध आधीच उतरलेलं असतं. म्हशीचं तसं नसतं. तिचं जवळजवळ सगळं दूध वर कासेत अडलेलं. ते खाली यायला पान्हा सुटावा लागतो, आणि पान्हा सुटतो पिलाच्या वासानं, त्याच्या ढुशांनी. म्हैस पान्हवली नाही तर तुम्ही तासभर सड ओढा, वाटीभर निघणार नाही. चार-आठ दिवस असं झालं की ती आटलीच. डॉक्टर लोक सांगतात की तिच्या मेंदूतून काही रस रक्तात येतो, त्यानं कास मोकळी होते. तात्यांना ते माहीत नव्हतं. त्यांना एवढं माहीत होतं, की दोन दिवसांत काही केलं नाही तर घरातला पैसा बंद.

उपाय सगळ्या गावाला ठाऊक होता. मेलेल्या रेडकाचं कातडं काढायचं, त्यात पेंढा भरून शिवायचं आणि ते म्हशीपुढं ठेवायचं. ती हुंगते, चाटते, पान्हवते. पण कातडं काढायचं कोणी?

पूर्वी मेलेलं ढोर ओढायचं काम गावानं महारवाड्यावर लादलेलं होतं. बाबासाहेबांनी १९२७ सालीच महाडला सांगितलं, ही कामं सोडा. आमच्या पठारावर ते छप्पनच्या धर्मांतरानंतर पुरतं सुटलं. सोडलं ते बरोबरच केलं. पण गावाला पंधरा वर्षांनंतरही ते गिळलेलं नव्हतं. ढोर मेलं की लोक शिव्या द्यायचे आणि मग रात्री गुपचूप बैलगाडीला बांधून ओढ्यात टाकून यायचे. कातडं काढण्याचं तर नावच नको.

तात्या दिवसभर काही बोलले नाहीत. खडीवरून आले, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "ईळा दे. आन् ती दाभन."

आजी ओट्यावर होती. तिनं विचारलं, "काय करतुयास?"

"काढतो म्या."

"आरं, आपुन कोन? भावकी काय म्हनंल?"

"भावकी दूध घालती का आपल्याला?"

गोठ्यात कंदील धरून मी उभा होतो. तात्यांनी बोकड सोलताना बघितलेलं होतं, तेवढंच त्यांचं शिक्षण. हनुवटीपासून शेपटापर्यंत सरळ चीर, मग पायांच्या आतल्या बाजूनं. विळा बोथट. दोन ठिकाणी कातडं फाटलं. रेडकाचं कातडं ओल्या कागदासारखं असतं. तात्यांचे हात थरथरत होते. मला तेव्हा वाटलं, श्रमानं. पलीकडं दाव्याला चंद्री हंबरत होती. तिच्यापासून लपवायला मध्ये आईनं गोधडी टांगली होती, पण वासाला गोधडी काय अडवणार?

मग प्रश्न आला भरायचं काय. पेंढा भाताचा, पठारावर भात कुठला? कडबा होता, म्हणजे चार-दोन पेंढ्या, चाऱ्याच्या डेपोवरून रांगेत उभं राहून आणलेल्या. मी एक पेंढी उचलली तर तात्या कडाडले, "ठिव ती! जित्या जनावराच्या तोंडचं मेल्याच्या पोटात घालतो व्हय?"

म्हणून आमच्या रेडकात जे भरलं ते असं: बाजरीचं भुसकट, फाटक्या गोधडीच्या चिंध्या, आजीच्या जुन्या लुगड्याचे तुकडे (ते आईनं आजीला न सांगता दिले) आणि मक्याची वाळलेली बिट्टं. मीठ घरातलं, खडे मीठ, पाट्यावर भरडलेलं. तुरटी न्हाव्याकडून. त्यानं आपल्या डब्यातला अर्धा खडा फोडून दिला, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "दाढीला कोन बसतंय औंदा?" पायांत बाभळीच्या काठ्या. शिवायला सुतळी नव्हती, तर पोत्याचा काठ उसवून दोरा काढला. एक पैसा खर्च न होता रेडकू तयार झालं. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. तात्या म्हणाले, डोळं म्हशीला नकोत, वास पायजे. आईनं त्याच्या पाठीवर पेंडीचं खारं पाणी शिंपडलं, म्हणजे म्हशीनं चाटावं.

चंद्रीपुढं ठेवलं. तिनं लांबून मान काढली. हुंगलं. मागं सरली. पुन्हा हुंगलं. आणि मग जीभ काढून असं चाटायला लागली की ते काठ्यांचं जनावर एका कुशीवर पडलं. तात्यांनी ते उचलून पुन्हा उभं केलं, तिच्या मांडीशी लावलं आणि आईला खूण केली. आईनं सडाला हात घातला. चरवीत पहिली धार वाजली तेव्हा तात्या गोठ्याच्या बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

त्या दुधानं आम्हाला जून गाठता आला. पण आजीनं तात्यांना तेरा दिवस चुलीपाशी येऊ दिलं नाही. भाकरी ओट्यावर. पुढं सप्त्याच्या पंगतीत तात्या बसले तर त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहिलं. मी वाढपी पोरांत होतो, मला ते दिसत होतं. वरणाची बादली घेऊन मी त्या रिकाम्या पत्रावळीवरही वाढून गेलो. मुद्दाम की चुकून ते आज सांगता येणार नाही.

शहात्तर साली मी दहावी झालो. पुढं शिकायला घरात काही नव्हतं. मामा जोगेश्वरीला होता, त्यानं बोलावलं. "लिहिता-वाचता येतंय, तबेल्यात हिशेबाला लावतो."

आजच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही, पण अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत तेव्हा जागोजागी तबेले होते. जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कुठंही गेलं तरी वाऱ्याबरोबर शेणाचा वास यायचा. शहरातल्या म्हशी एका जागी न्याव्यात म्हणून सरकारनं १९४९ साली गोरेगावला आरे कॉलनी काढली होती. दारा खुरोडी यांचं ते काम. पुढं १९६३ साली त्यांना, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेलांना मिळून मॅगसेसे मिळालं. आरेच्या दुधाच्या बाटल्या घरोघर जायच्या. पण बाहेरचे तबेले होतेच. त्यांतल्याच एकात मी लागलो. नाव सांगत नाही. मालक आता नाही आणि तबेल्याच्या जागी टॉवर आहे.

दीडशे म्हशी. जाफराबादी, मुऱ्हा, मेहसाणी. काम रात्री दोनला सुरू. धारा काढणारे सगळे उत्तरेकडचे भय्ये, कष्टाळू माणसं, गावाकडं जमिनी सोडून आलेली, माझ्यासारखीच. माझ्याकडं वही: कुठली म्हैस किती दूध, कुठल्या गिऱ्हाइकाला किती लिटर, सरकीची पोती किती, चुनी किती, पेंढा किती.

आणि वहीत एक रकाना नव्हता. तो रेडकांचा.

मुंबईत म्हैस येते ती दुधासाठी. रेडकू प्यालं तर तेवढं दूध मालकाचं जातं. टोणगा असेल तर त्याचा उपयोगच नाही. त्याला मारायचं कोणी नाही. नुसतं पाजायचं नाही. दहा-बारा दिवस. मग ते आपोआप. तबेल्यामागं त्यासाठी एक कोपरा होता. त्या कोपऱ्यावरून जाताना माणसं बिडी ओढायची.

मग त्याचंच कातडं. ते काम एक म्हातारा करायचा, जौनपूरकडचा. सगळे त्याला चाचा म्हणायचे, मीही. त्याच्या भाषेत त्याला 'खालबच्चा' म्हणतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला गोठा, कंदील, तात्यांचे हात, सगळं दिसलं. आणि लगेच दुसरं काही दिसलं: चाचाचं काम वाईट होतं. नुसतं मीठ चोळायचा, कातड्याची चरबी खरवडायचा नाही. आठ दिवसांत किडे पडायचे, म्हैस तोंड फिरवायची. मग नवीन खालबच्चा. रेडकांना काही तोटा नव्हता.

मी म्हणालो, "चाचा, मी करून बघू?"

आता इथं मी कसं करत होतो ते सांगतो, कारण पुढं कोंबड्यालाही तेच उपयोगी पडलं. पहिलं म्हणजे खरवडणं. कातड्याच्या आतल्या बाजूला मांसाचा, चरबीचा कण राहता कामा नये. त्याला काही हत्यार लागत नाही. नारळाची करवंटी फोडली की तिची कड जी मिळते ती सुरीपेक्षा बरी. कातडं कापत नाही आणि चरबी सोडत नाही. मग दोन भाग मीठ, एक भाग तुरटीची पूड, चोळून घडी घालून रात्रभर. त्याला पाणी सुटतं ते निथळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग सावलीत वाळवायचं. उन्हात घातलं की पापडासारखं कडक होतं आणि शिवताना तडकतं. मुंबईच्या पावसाळ्यात सावलीत वाळणं म्हणजे चेष्टाच. तेव्हा चुलाण्याच्या उबेला टांगायचो. भरायला भाताचा पेंढा, तो मात्र तिथं भरपूर. पण ओला पेंढा कधी नको. आत कडुनिंबाचा वाळला पाला. पाठीच्या कण्याच्या जागी बांबूची कामटी. शिवण पोटाखाली, आतून टाका बाहेर काढत. साबण नाही लावायचा, नाहीतर वास जातो.

मीठ गुरांसाठी गोणीनं यायचंच. पेंढा तबेल्यातला. कडुनिंब रस्त्यावर. बांबू मांडवाचे तुकडे. म्हणजे खर्च फक्त तुरटीचा आणि सुतळीचा. माझं एक रेडकू दोन-अडीच महिने टिकायला लागलं. एकाच रेडकावर, आळीपाळीनं फिरवून, दोन-दोन म्हशी पान्हवायला लागल्या. मालक खूश. पगार वाढला. मला हौसच वाटायला लागली. सुट्टीत मी म्युझियमला जायचो, तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स, आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथल्या काचेमागच्या जनावरांपुढं लोक तोंडाकडं बघत उभे राहायचे, मी वाकून पोटाची शिवण शोधायचो. रखवालदारानं एकदा हटकलं, "अरे, खाली काय बघतोस?" काय सांगणार?

असं चार वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात एक मुऱ्हा म्हैस व्याली, पहिलारू. तिला टोणगा झाला. बाराव्या दिवशी तो माझ्याकडं आला. मी नेहमीप्रमाणं केलं. काम तर इतकं सुरेख उतरलं की चाचा हात लावून बघायला लागला. म्हशीपुढं ठेवलं. तिनं हुंगलं, चाटलं, धार सुटली. आणि मग ती चाटता चाटता त्याच्या तोंडाला ढुशी देऊन त्याला कासेकडं ढकलायला लागली. ते पडलं. तिनं पुन्हा ढकललं. पाज म्हणत होती ती. जित्यापणी त्याला दहा हातांवर बांधून ठेवलेलं तिनं बघितलेलं होतं, तेव्हा दाव्याला हिसके देऊन तिची मान सोलवटली होती. मी मागून वही घेऊन उभा, लिटर लिहायला.

मी चाचाला म्हणालो, "हिला कळत नसेल का?"

चाचा बिडी पेटवत म्हणाला, "भैंस सब जानती है बेटा. दूध तो फिर भी उतर आता है."

ते मला फार दिवस पुरलं. तात्यांनी जे केलं ते रेडकू मेल्यावर. आम्ही त्याला औषध पाजलं होतं, आईनं रात्रभर उबेला घेतलं होतं. आणि इथं माझी काटकसर, माझं दोन भाग मीठ एक भाग तुरटी, ते सगळं कशासाठी? माझं रेडकू जितकं जास्त टिकेल तितकं मालकाला जितं रेडकू कमी लागेल, म्हणजे पाजायचं काही कारणच उरत नाही. हा हिशेब मला दहावी शिकून चार वर्षांत कळला नव्हता.

मी लगेच नोकरी सोडली असं लिहिलं तर बरं वाटेल. पण तसं झालं नाही. बहिणीचं लग्न होतं. आणखी पाच वर्षं राहिलो. खालबच्चा करायचं मात्र थांबवलं, हाताला खरूज झाली म्हणून सांगितलं. चाचा पुन्हा आपले आठ दिवसांचे बनवायला लागला. पुढं इंजेक्शन आलं, म्हशीला टोचायचं आणि पान्हा काढायचा. जनावराला असं टोचणं गुन्हा आहे, पण बाटल्या मिळायच्या. मग चाचाचंही काम संपलं. पंचाऐंशी साली तात्या थकले म्हणून मी गावी परतलो. पठारावर पाणी आमच्यापुरतं विहिरीला आलं होतं. कांदा, बाजरी, दोन म्हशी. माझ्या गोठ्यात रेडकू पोटभर पितं, मग मी धार काढतो. शेजारी हसतात. हसू देत.

आता कोंबड्याकडं येतो.

गेल्या सात-आठ वर्षांपासून उन्हाळ्यात मी बोरिवलीला मुलाकडं असतो. गुडघे दुखतात आणि नातू आहे. नातवाला घेऊन नॅशनल पार्कात जातो. तिथं या कामाचं केंद्रच आहे हे मला तिथं कळलं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड यांनी हे काम हाती घेतलं आणि २००९ साली ते उभं राहिलं. मेलेले वाघ, सिंह, बिबटे तिथं असे उभे केले जातात की आता झेप घेतील. आणि गंमत म्हणजे हल्ली त्यात पेंढा नसतोच. मेलेल्या जनावराचं माप घेतात, मातीचा पुतळा करतात, त्याचा साचा काढून फायबरचं हलकं शरीर बनवतात आणि कमावलेलं कातडं त्यावर चढवतात. स्नायू कुठं फुगतो, कुठं खळगा पडतो, ते सगळं आधी मातीत. आपण आपलं 'पेंढा भरलेला वाघ' म्हणत बसतो. जुन्या काळी कातड्याला किडे लागू नयेत म्हणून सोमल, म्हणजे जालीम विष, लावायचे. म्हणून कुणाच्या जुन्या वाड्यात एखादं मुंडकं टांगलेलं असेल तर त्याला हात लावून तोंडात घालू नका, पोरांना तर लांबच ठेवा.

ते बघून माझे हात शिवशिवायला लागले. चाळीस वर्षांनी. आता करायचं ते कुणासाठी नाही, आपल्यासाठी. गावाकडचा आमचा तांबडा कोंबडा म्हातारा होऊन मेला होता. मुलगा गाडीनं येणार होता, मी तो बर्फाच्या डब्यात घालून आणायला लावला. सूनबाईनं फ्रीजर उघडला तर मटारच्या पिशवीशेजारी कोंबडा, पिसांसकट. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. पण ज्याला हा नाद करायचा त्याला पहिलं हत्यार फ्रीजर हेच लागतं. किडे, पिसवा त्यात मरतात आणि आपल्याला सवड मिळते. त्यासाठी वेगळा फ्रीज घेणारी माणसं असतील. मी वर्तमानपत्राचे चार थर, त्यावर दोन पिशव्या आणि गळ्यात पडून माफी, एवढ्यावर भागवलं.

इंटरनेटवर नातवानं सामानाच्या किमती काढून दाखवल्या. नुसते काचेचे डोळेच एवढ्याला की त्यात चार जिते कोंबडे येतील. मी म्हणलं, ठेव तो मोबाईल.

कोंबड्याच्या कातड्याला तुरटी चालत नाही, ते फार पातळ, आकसतं. त्याला टाकणखार बरा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. पुडी नको, पावकिलो सुटा मागा. लोक कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर त्याचीच भाऊबंद, तीही चालते. आमच्या सोसायटीच्या क्लबातली मी थोडी आणली, हे इथं कबूल करतो. चरबी पुसायला मक्याचं पीठ, भरडं. सुरीच्या जागी न्हाव्याचं अर्धं ब्लेड. बारीक हाडं तोडायला नेलकटर, पण तो मग वेगळा ठेवा. मांसल शेपटीच्या मुळाशी नुसत्या बोटांनी काम करावं लागतं, तिथं हत्यार आलं की शेपूट सुटलीच. कात्री आणि चिमटा मी चोरबाजारातून घेतला, गंजलेला. रॉकेल आणि राखेनं घासला, अजून चालतो. नवी घेऊन कमी-जास्त काही झालं नसतं.

तार गावाकडची. टोमॅटोच्या मांडवाला जी लागते तीच, जुन्या मांडवाची, सरळ करून घेतलेली. एक पायातून, एक मानेतून, पोटात तिन्हीची गाठ. आणि पोट? आंब्याच्या पेटीतला पेंढा! बोरिवलीत जांभळी गल्लीत मे महिन्यात हापूसच्या रिकाम्या पेट्या कोपऱ्यात पडलेल्या असतात आणि त्यात कोकणातला मऊ, वाळलेला, स्वच्छ भाताचा पेंढा. फळवाला म्हणाला, "काका, घेऊन जा सगळा, मला कचऱ्याचा त्रास." दोऱ्यानं घट्ट गुंडाळत त्याचं कोंबड्याच्या पोटाएवढं अंडाकृती बनवायचं. सोललेलं धड शेजारी ठेवून माप घेत घेत. इथं घाई केली की कोंबडा फुगलेला दिसतो, नाहीतर उपाशी.

डोळे राखीचे. जुन्या राख्यांवरचे तपकिरी-नारिंगी मणी, मागून काळा ठिपका. तुरा वाळला की काळपट पडतो, तो सूनबाईच्या नेलपॉलिशनं रंगवला. तोवर ती बोलायला लागली होती. रंग तिनंच निवडून दिला. एकूण खर्च लिहून ठेवलाय, जुनी सवय: दोनशे रुपयांच्या आत, त्यात चोरबाजारला जाण्या-येण्याचं भाडं नाही.

पहिल्यांदा नीट जमला असं समजू नका. मानेचं कातडं उलटं करताना फाटलं, ते पिसांनी झाकलंय. मागून बघितलं तर एक पंख खाली आहे.

पण हा कोंबडा झाला आणि बिल्डिंगमध्ये बातमी पसरली. एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आल्या. एकट्या राहतात, मुलगा परदेशी. हातात मिठाईचा खोका. त्यात पोपट. सतरा वर्षं सांभाळलेला, रात्री गेला.

"भाऊ, मला काही नको. नुसता पिंजऱ्यात बसलेला दिसला पाहिजे. तुम्ही मागाल ते देते."

आता कायदा असा आहे, १९७२ सालचा, की रानातलं जनावर, पक्षी, मेलेला असला तरी तो असा भरून घरात ठेवता येत नाही. पोपट तर जितासुद्धा पिंजऱ्यात ठेवायचा नसतो, हे बहुतेकांना ठाऊक नाही. कोंबडा, बकरा, पाळलेलं जनावर, ती गोष्ट वेगळी. बिबट्याचं कातडं घेऊन आमच्या जुन्नर भागात माणसं पकडली जातात, त्यामुळं मला हे पाठ आहे. मी आजींना तेच सांगणार होतो. सांगितलंही. पण त्या खोक्यावर हात ठेवून बसल्या होत्या आणि बोटानं पोपटाच्या डोक्यावरची पिसं खालपासून वर, खालपासून वर करत होत्या.

मी म्हणालो, "आजी, करून दिला तरी तो बोलायचा नाही."

"ते कळतं हो मला."

"मग?"

"सवय आहे सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढायची."

मला काही बोलता येईना. सूनबाईनं चहा केला. तो झाल्यावर आम्ही तिघं खाली गेलो. सोसायटीच्या मागं जांभळाचं झाड आहे, तिथं माळ्याचं खुरपं घेऊन मी खड्डा केला. पोपट खोक्यातून काढून जुन्या रुमालात ठेवला. आजींनी त्यावर मिरची ठेवली, एक हिरवी. पिंजरा त्यांनी भंगारात दिला नाही. तो अजून गॅलरीत आहे, त्यात त्या मनीप्लांट ठेवतात. फडकं मात्र घालतात रात्री. मी बघितलंय.

गेल्या महिन्यात नातवानं कोंबडा शाळेच्या प्रदर्शनात नेला. 'माझ्या आजोबांची कला' असं पुठ्ठ्यावर लिहून. परत आला तो शेपटीचं सगळ्यात लांब पीस गमावून. कुणीतरी पोरानं उपटलं. नातू रडवेला. मी त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं सगळे पांढरे ब्रॉयलर. म्हणाला, "गावठी रविवारी येतो चाचा, काळी शेपूट बघून ठेवतो."

"किती घेशील पिसाचे?"

"पिसाचे पैसे कुठं असतात?"

रविवारी सातला नातवानं मला उठवलं.